सगळ्यांची खाज एकच नव्हती: एका वृद्धाश्रमातील हिवाळ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक परिसरातील एका वृद्धाश्रमातले आहे. संस्थेची आणि रहिवाशांची ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत. आश्रमात त्या वेळी ३४ रहिवासी होते आणि त्यांतील १९ जणांना आंघोळीसाठी मदत लागत असे. सकाळच्या पाळीला तीन मावशी व एक ब्रदर, रात्री एकच मावशी, आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर आणि आठवड्यातून दोन दिवस परिचर्येची देखरेख करणारी मी, एवढाच कर्मचारीवर्ग होता.

नाशिकच्या हिवाळ्यात पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली जाणे नवीन नाही. निफाडचे आकडे तर दर वर्षी वर्तमानपत्रात येतातच. अशा कोरड्या थंडीत तरुणांचेही ओठ आणि टाचा उलतात. सत्तरी ओलांडलेल्यांची अडचण त्याहून खोल असते. त्यांच्या त्वचेतील तैलग्रंथी व घर्मग्रंथी मंदावलेल्या असतात, वरच्या थरातील पेशींना सांधून ठेवणारी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले घटलेली असतात, आणि त्यामुळे तो थर पाणी धरून ठेवू शकत नाही. मातीच्या भिंतीचा गिलावा उडाला की आतली माती उघडी पडते, तसे काहीसे होते. त्या उघड्या भिंतीवर आपण रोज सकाळी कढत पाणी आणि साबण ओतत असतो.

प्रकरणाच्या केंद्रस्थानी असलेल्या आजी ८३ वर्षांच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. रक्तदाबासाठी त्यांना लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू होती, विस्मरणाची सुरुवात झाली होती आणि त्या वॉकर घेऊन चालत. रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर त्या पाणी प्यायचे टाळत. आश्रमात येऊन त्यांना दीड वर्ष झाले होते, परंतु प्रवेशाच्या वेळी त्यांच्या त्वचेची कोणतीही नोंद झालेली नव्हती. वजन, रक्तदाब, साखर, चालू औषधे, दातांची कवळी, सारे काही कागदावर होते. त्वचेसाठी आमच्या अर्जात रकानाच नव्हता.

तक्रार कशी सुरू झाली

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीच्या मावशींनी वहीत लिहिले: 'आजी रात्रभर पाय खाजवतात, झोपत नाहीत.' दोन्ही नडग्यांवर पांढरट कोंडा होता आणि नखाने ओढल्यावर पांढरी रेघ उमटत होती. लाली जवळजवळ दिसत नव्हती. सावळ्या त्वचेवर दाह लाल न दिसता काळपट किंवा राखाडी दिसतो, त्यामुळे 'लाल नाही म्हणजे काही नाही' असा समज कर्मचाऱ्यांमध्ये सहज रुजतो. तो माझ्याही मनात काही अंशी होता, हे कबूल केले पाहिजे.

डॉक्टरांनी रात्री घेण्यासाठी हायड्रॉक्सिझिन ही खाज शमवणारी, पण गुंगी आणणारी गोळी दिली. त्याच आठवड्यात आजींच्या मुलाने औषधाच्या दुकानातून एक मलम आणून दिले. त्यात क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक असे तीन घटक होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा अनुसूचीत आणली, तरी अशी मिश्र मलमे चिठ्ठीविना मिळतच राहतात. मलमाने दोन दिवसांत खाज थांबली, म्हणून ते चालू राहिले. नडग्यांवरून हातांवर, हातांवरून मानेवर. मलमाचे नाव औषधाच्या तक्त्यावर चढलेच नाही, कारण ते 'घरून आणलेले' होते.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत महिला विभागातील १४ जणींपैकी आणखी पाच जणी खाजवू लागल्या. एका मावशींच्या हातांनाही खाज सुटली. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर जो शब्द कोणीतरी उच्चारणारच होते तो उच्चारला गेला: खरूज.

पहिला निर्णय: सर्वांना खरजेचे औषध

खरजेची शंका घेणे चूक नव्हते. एका छताखाली राहणाऱ्या अनेकांना एकाच वेळी, विशेषतः रात्री खाज सुटणे हे खरजेचे नेहमीचे लक्षण आहे, आणि वृद्धाश्रमात ती पसरली तर निस्तरायला महिने लागतात. पहिल्यांदाच लागण झालेल्या व्यक्तीत खाज सुरू होण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून ज्यांना खाज नाही त्यांनाही एकाच वेळी औषध द्यावे लागते. हे सर्व लक्षात घेऊन व्यवस्थापनाने डॉक्टरांशी फोनवर बोलून २७ डिसेंबरला १४ जणींना आणि मावशींना ५ टक्के परमेथ्रिन हे खरजेचे औषध अंगाला लावण्याचे ठरवले. मला विचारले गेले तेव्हा मी होकार दिला.

चूक होती ती तपासणीशिवाय ठरवण्यात. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, बेंबीचा भोवताल, स्तनांखालची घडी, काखा यांपैकी एकही जागा आम्ही दिव्याखाली नीट पाहिली नव्हती. पाहिली असती तर लगेच लक्षात आले असते की सहाही जणींची खाज नडग्या, कंबरेच्या बाजू आणि कोपराखालचे हात यांवर होती आणि बेचक्या स्वच्छ होत्या.

औषधासोबत जे आपोआप आले त्याने अधिक नुकसान केले. परमेथ्रिन धुऊन काढण्यासाठी सकाळी कढत पाण्याने आंघोळ, त्यात झाकणभर जंतुनाशक द्रव्य, वर कडुनिंबाचा साबण आणि 'किडे निघावेत म्हणून' घासणीने खरडून चोळणे, हा कार्यक्रम आठवडाभर चालला. खाज वाढली. तेव्हा सर्वांनी एकमेकांची समजूत घातली की खरूज मेल्यावरही काही आठवडे खाज राहतेच. हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या खरे आहे, आणि म्हणूनच ते घातक ठरले, कारण त्याने आमच्या निदानाला खोटे पडण्याची वाटच बंद करून टाकली. ३ जानेवारीला दुसरी मात्राही देण्यात आली.

दुसरे संकट: हाताची त्वचा फाटली

५ जानेवारीच्या सकाळी आजी झोपेच्या गुंगीतच न्हाणीघराकडे निघाल्या, उंबऱ्याशी अडखळल्या आणि मावशींनी त्यांना हाताला धरून सावरले. त्या धरण्यात आजींच्या डाव्या हाताची, कोपराखालची त्वचा सुमारे तीन सेंटिमीटर फाटून पापुद्र्यासारखी उलटली. पडण्याने मांडीचे हाड मोडले असते. मावशींनी धरले हे योग्यच केले. परंतु तीन आठवडे तीव्र स्टेरॉइड लावलेल्या, कोरड्या आणि मुळातच पातळ झालेल्या त्वचेला तेवढा ताणही सहन झाला नाही.

ही जखम सुदैवाने बरी हाताळली गेली. सलाइनने धुऊन, ओल्या गॉजच्या बोळ्याने पापुद्रा हलकेच पुन्हा जागेवर सरकवला, त्यावर न चिकटणारी पॅराफिनची जाळी ठेवली आणि चिकटपट्टी न वापरता सैल पट्टी गुंडाळली. पट्टीवर पेनाने बाण काढला, जेणेकरून पुढच्या वेळी ती पापुद्र्याच्या दिशेनेच उलगडली जावी. ही साधी युक्ती अनेक ठिकाणी माहीत नसते आणि मग पट्टी बदलणाऱ्याच्या हातूनच जखम पुन्हा उघडते.

दुपारी आजींचा मुलगा आला. त्याने पट्टी पाहिली, दोन्ही हातांवरचे जांभळे डाग पाहिले आणि मला बाजूला घेऊन विचारले, "सिस्टर, खरे सांगा, आईला कोणी धरून ओढते का?"

विश्वस्तांचा कल हा प्रश्न 'म्हातारपणात असे डाग येतातच' म्हणून मिटवण्याकडे होता. मला ते पटले नाही. म्हातारपणात असे डाग खरोखरच येतात. पातळ त्वचेखालच्या रक्तवाहिन्या किरकोळ धक्क्यानेही फुटतात आणि स्टेरॉइडमुळे ते वाढते. पण वृद्धांना मारहाणही होते, आणि नातेवाइकाच्या शंकेला उत्तर माहितीने द्यायचे असते, अनुभवाच्या दाखल्याने नाही. म्हणून मुलाच्या संमतीने आणि आजींना विचारून आम्ही संपूर्ण शरीर तपासले. डाग कोपराखालच्या बाहेरच्या भागावर, म्हणजे वॉकर व पलंगाच्या कठड्यावर घासणाऱ्या जागीच होते. दंडाची आतली बाजू, मान, कान, पाठ येथे एकही नव्हता. आजींशी मी कर्मचाऱ्यांना बाहेर पाठवून एकटीने बोलले. एवढे झाल्यावर मुलगा शांत झाला असे नाही, परंतु त्याने त्वचारोगतज्ज्ञांची तपासणी होईपर्यंत थांबायचे मान्य केले. दीड वर्षापूर्वीची त्वचेची एक नोंद जरी हाती असती, तरी ही दुपार वेगळी गेली असती.

फेरतपासणी

८ जानेवारीला त्वचारोगतज्ज्ञ आश्रमात आले. त्यांनी सहाही जणींना आणि मावशींना डर्माटोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारे भिंग, लावून तपासले. खरजेचा किडा त्वचेत पोखरतो ते बीळ एकीतही सापडले नाही. आजींच्या नडग्यांवर सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगांचे जाळे होते. अति कोरडेपणातून आलेला हा इसब आहे आणि परमेथ्रिन, जंतुनाशक व घासणी यांनी तो चिघळवला आहे, असे त्यांचे मत पडले. मावशींच्या हातांचा त्रास भांड्यांचा साबण आणि फिनेल यांमुळे झालेला निघाला. खाजेची आतली कारणे तपासण्यासाठी आजींची मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, साखर आणि रक्तकणांची चाचणी केली. त्यात लोहाची कमतरता निघाली, बाकी सर्व ठीक होते.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे साडेपाचला आश्रमात पोहोचले आणि दोन तास न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. आधीच्या वर्षभरात मी हे एकदाही केले नव्हते.

गच्चीवरच्या सौर बंबातले आदल्या दिवशीचे पाणी पहिल्या चार-पाच जणींना कढत मिळत होते. एका बादलीत तापमापी ४४ अंश दाखवत होती. आजींना लवकर उठायची सवय, म्हणून त्यांचा नंबर पहिला. पाणी बोअरवेलचे, जड. साबणाला फेस येत नसे म्हणून मावशी दुप्पट साबण लावत. नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) नऊ-दहाच्या घरात, तर निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, सामू पाचच्या आसपास. आंघोळीनंतर पंचाने खसाखसा पुसणे, मग टाल्कम पावडर आणि थेट अंगावर लोकरीचा स्वेटर.

सर्वांत बोलकी गोष्ट तेलाची होती. आश्रमात दर महिन्याला खोबरेल तेल विकत घेतले जाई आणि मावशी ते मनापासून लावत. पण लावत आंघोळीच्या आधी. मागोमाग साबण लागे आणि बरेचसे तेल मोरीतून वाहून जाई. अभ्यंगाच्या प्रथेत तेलानंतर उटणे किंवा डाळीचे पीठ असे, जे जादा तेल टिपून घेऊन थोडेसे अंगावर ठेवीत असे. साबण आला तेव्हा उटणे गेले, पण तेलाची वेळ तीच राहिली.

समोर असलेले पर्याय

१० जानेवारीच्या बैठकीत चार गोष्टींवर विचार झाला.

पहिली सूचना दिवसाआड आंघोळीची. पाश्चात्त्य वृद्धनिवासांत हे सर्रास चालते आणि त्वचेच्या दृष्टीने ते चांगलेच. परंतु आमच्या बहुतेक आजी-आजोबांसाठी पारोसे राहून देवाला फूल वाहणे किंवा सकाळचा चहा घेणे अशक्य होते. एक आजी म्हणाल्या, "साठ वर्षांत मी तापातसुद्धा पारोशी राहिले नाही, आता काय तुमच्या मलमासाठी राहू?" हा हट्ट मोडून काढता आला असता, कारण त्या आमच्यावर अवलंबून होत्या, आणि नेमके म्हणूनच तो मोडायचा नाही असे ठरले.

दुसरी सूचना सर्वांना दिवसातून दोनदा स्निग्ध मलम लावण्याची. याला भक्कम आधार आहे. ऑस्ट्रेलियातील १४ वृद्धनिवासांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हातापायांना दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर लावल्याने त्वचा फाटण्याच्या घटना जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. अडचण हिशेबाची होती. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळीतून काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका हाताला पंज्यासह अशा चार आणि एका पायाला पाऊल धरून आठ रेघा लागतात. म्हणजे दोन्ही हातपाय मिळून एका वेळी १२ ग्रॅम, दिवसाला २४ आणि महिन्याला सुमारे ७२० ग्रॅम. ३४ जणांसाठी हे महिन्याला साडेचोवीस किलोच्या आसपास जाते. १०० ग्रॅमची नळी लिहून देणाऱ्याने ती किती दिवस पुरते हे एकदा मोजून पाहावे.

तिसरी सूचना खोबरेल तेलावरच भागवण्याची. तज्ज्ञांनी ती उडवून लावली नाही, याचे मला बरे वाटले. फिलिपीन्समध्ये ३४ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोरड्या त्वचेसाठी खोबरेल तेल खनिज तेलाइतकेच उपयोगी ठरले होते. मुलाने प्रेमाने आणलेली ऑलिव्ह तेलाची बाटली मात्र स्वयंपाकघरात पाठवावी लागली, कारण ते तेल निरोगी त्वचेचेही संरक्षक आवरण ढिले करते असे ब्रिटनमधील २०१३ च्या प्रयोगात दिसले आहे. तेल महाग म्हणून ते त्वचेला चांगले, असे नसते.

चौथी सूचना भरपूर पाणी पाजण्याची होती. अंगातले पाणीच कमी पडले असेल तर ते भरून काढायला हवेच. पण नुसते जास्त पाणी प्यायल्याने कोरडी कातडी मऊ होत नाही. आजींचा संध्याकाळचा पाण्याचा उपास सोडवायचा, तो त्वचेसाठी नव्हे तर एकूण प्रकृतीसाठी, आणि दिवसा थोडे थोडे पाणी द्यायचे, एवढ्यावर आम्ही थांबलो.

प्रत्यक्षात काय केले

आंघोळ रोजचीच ठेवली, पण तिचे स्वरूप बदलले. न्हाणीघरात तापमापी टांगली आणि बादलीतले पाणी ३७-३८ अंशांवर आणूनच अंगावर घ्यायचे ठरले. साबण फक्त काखा, जांघा आणि पावले यांना. बाकी अंगाला नुसते पाणी. घासणी आणि जंतुनाशक द्रव्य बंद झाले. वजरी टाचांपुरती राहिली, तीही भेगा नसतील तरच. पंचाने पुसायचे नाही, टिपायचे. त्वचा किंचित दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, केसांच्या दिशेने मलम किंवा तेल लावायचे. स्वेटरच्या आत सुती पोलके सक्तीचे झाले.

रहिवाशांचे दोन गट केले. ज्या नऊ जणांच्या त्वचेला भेगा किंवा ओरखडे होते त्यांना पांढरे मऊ पॅराफिन व द्रव पॅराफिन असलेले सुगंधरहित मलम, दिवसातून दोनदा. इतरांना आंघोळीनंतर खोबरेल तेलाचा पातळ हात. यूरियाचे मलम केवळ टाचांसाठी ठेवले, कारण भेगाळलेल्या नडग्यांवर ते झोंबते. आजींचे मिश्र मलम त्याच दिवशी बंद झाले आणि तज्ज्ञांनी नडग्यांच्या इसबासाठी मध्यम ताकदीचे स्टेरॉइड दहा दिवसांपुरते, तारीख घालून दिले. हायड्रॉक्सिझिनही थांबवले. वृद्धांमध्ये या जातीच्या गोळ्या गुंगी, गोंधळ आणि पडणे यांना कारण ठरतात. ५ जानेवारीची सकाळ त्याचेच उदाहरण होती.

वेळेचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. एकेका व्यक्तीमागे चार मिनिटे वाढली. १९ जणांची ७६ मिनिटे, चौघांत वाटून प्रत्येकी १९. मावशींनी हे फुकट करावे अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हते. साबण आणि घासणीची काही मिनिटे वाचली, न्याहारी अर्ध्या तासाने पुढे ढकलली आणि ज्यांचे हात चालतात अशा रहिवाशांनी स्वतःचे मलम स्वतः लावायचे ठरले. या शेवटच्या भागाला मिळालेला प्रतिसाद मला अनपेक्षित होता. आजी स्वतः करून झाल्यावर शेजारणीच्या पायालाही मलम लावू लागल्या आणि लावताना तिला पाढे म्हणायला लावू लागल्या.

अडलेल्या जागा

पहिल्याच आठवड्यात खोबरेल गोठले. २४ अंशांच्या खाली ते थिजते हे घराघरांत ठाऊक असते, पण वेळापत्रक आखताना ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते. मग आदल्या दुपारी बाटल्या उन्हात ठेवायच्या आणि सकाळी कोमट पाण्यात, अशी सोय केली.

तिसऱ्या दिवशी न्हाणीघराबाहेरच्या फरशीवर तेलकट पावलांचे ठसे दिसले. कोणी घसरले नाही, हे केवळ नशीब. तेव्हापासून पावलांना सकाळी काहीही लावायचे नाही. रात्री पलंगावर बसल्यावर लावायचे आणि वर सुती मोजे, असा नियम झाला.

आगीचा विचार मात्र आधीच झाला होता. स्निग्ध मलम मुरलेले कापड पेटले तर आग झपाट्याने पसरते आणि साध्या धुण्याने ते मलम पूर्ण निघत नाही. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये हा इशारा पॅराफिन नसलेल्या मलमांनाही लागू केला. आमच्याकडे संध्याकाळच्या आरतीचे तबक सर्वांसमोर फिरे आणि आजी त्यावरून हात फिरवून पदर डोळ्यांना लावत. तबक आता फिरत नाही. ते देवापाशी राहते आणि रहिवासी लांबून हात जोडतात. यावर कुरकुर झाली, अजूनही होते. बिडी ओढणाऱ्या एका काकांना मलमाऐवजी काय द्यायचे याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. सदरा बदलूनच अंगणात जायचे, एवढीच तडजोड झाली.

जानेवारीच्या अखेरीस एक मावशी चार दिवस रजेवर गेल्या आणि बदली मावशींनी जुन्याच पद्धतीने आंघोळी घातल्या. पाचव्या दिवशी तीन जणी पुन्हा खाजवत होत्या. सूचना कागदावर होत्या, पण कागद कार्यालयात होता.

परिणाम

आजींची झोप आठवड्याभरात सुधारली. नडग्यांच्या भेगा तीन आठवड्यांत भरल्या आणि हाताची जखम १६ दिवसांत मिटली. लोहाच्या गोळ्याही त्याच सुमारास सुरू झाल्या होत्या आणि लोहाच्या कमतरतेनेही खाज सुटू शकते, त्यामुळे सारे श्रेय मलमाला देता येणार नाही. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत इतर चार जणींची खाजही नगण्य झाली.

सहावीची झाली नाही, आणि या प्रकरणाचा सर्वांत टोचणारा भाग तोच आहे. ७९ वर्षांच्या या आजींच्या पोटावर व मांड्यांवर जानेवारीअखेर गांधीसारखे चट्टे उठत होते. मावशींनी ते मला दाखवले होते. मी म्हणाले, मलम नीट लागत नसेल, दोनदाचे तिनदा करा. १४ फेब्रुवारीला त्या चट्ट्यांवर टणक, पाण्याने भरलेले फोड आले. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचेचा तुकडा तपासल्यावर बुलस पेम्फिगॉइड हा आजार निघाला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटण्यातून होणारा हा आजार प्रामुख्याने वृद्धांमध्ये दिसतो आणि फोड येण्यापूर्वी कित्येक आठवडे नुसत्या खाजेच्या रूपात राहू शकतो. उपचारांनी त्या सावरल्या, पण दोन आठवडे माझ्या खात्रीपायी वाया गेले. डिसेंबरमध्ये सगळ्यांची खाज म्हणजे खरूज होती. जानेवारीत सगळ्यांची खाज म्हणजे कोरडेपणा झाला. दुसऱ्या वेळी नाव बरोबर होते, एवढाच फरक, आणि तोही सहापैकी पाच जणींपुरता.

पुन्हा करायचे झाल्यास

परमेथ्रिन देण्याआधी दोन दिवस थांबून तज्ज्ञांना बोलावता आले असते. खरूज असती तरी दोन दिवसांत फारसे बिघडले नसते; तोवर खाज असलेल्यांचे कपडे व अंथरुणे वेगळी ठेवणे पुरेसे होते. प्रत्येकीच्या खाजेची जागा मानवी आकृतीच्या छापील चित्रावर पेन्सिलीने रंगवली असती, तर हा सारा प्रश्न अर्ध्या तासात वेगळा दिसला असता. आता तसे चित्र प्रवेशअर्जाला जोडलेले असते आणि दर महिन्याला नवीन भरले जाते. घरून आलेली प्रत्येक नळी आणि डबी औषधाच्या तक्त्यावर चढते. नीट मलम लागूनही दोन आठवड्यांत खाज कमी झाली नाही, किंवा मध्येच नवे चट्टे वा फोड दिसले, तर मावशी मला न विचारता डॉक्टरांना फोन करू शकतात. हा अधिकार त्यांना लेखी दिला आहे, कारण जानेवारीअखेर त्यांचे डोळे बरोबर होते आणि माझे उत्तर चूक.

न्हाणीघरातल्या सूचना भिंतीवर लागल्या, चित्रांसह. नवा क्रम यंदा दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपासून, म्हणजे खाज सुरू होण्यापूर्वीच लागू होईल. त्या दिवशी उटणे लावणाऱ्यांना साबण द्यायचा नाही, असेही ठरले आहे.

रात्रीचे दुसऱ्यांदा मलम लावणे अजून जमलेले नाही. एका मावशीने नऊ जणांना मलम, पावलांना तेल, मोजे आणि तीन जणांचे डायपर हे सर्व साडेनऊपर्यंत उरकणे शक्य नाही, आणि तक्त्यावर रात्रीच्या रकान्यात ज्या ओळीने बरोबर खुणा दिसतात त्या मला खऱ्या वाटत नाहीत. रात्रीसाठी दुसऱ्या मावशीची मागणी विश्वस्तांपुढे गेली आहे. तोपर्यंत वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना मलम संध्याकाळी सहाला, आरतीनंतर लागते, आणि तळमजल्यावर बहुतेक दिवशी एकदाच.